मावशीच्या आवाजातली धमकी

श्रोते हो, नमस्कार.

आज ज्या अमेरिकन अभिनेत्रीबद्दल बोलणार आहे त्यांचं नाव मार्गो मार्टिनडेल. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी चेहरा पाहून तुम्ही म्हणाल, अरे, या तर त्या! अमेरिकेतही कितीतरी वर्षं हेच चाललं होतं.

तुम्ही ऐकणारी माणसं, म्हणून त्यांच्या आवाजापासूनच सुरुवात करतो. टेक्सासचा आवाज, शब्द लांबवत, घोळवत बोलणारा. जेवल्याशिवाय कुणाला उंबऱ्याबाहेर पडू न देणाऱ्या मावशीसारखा. आता हाच आवाज 'जस्टिफाइड' या मालिकेत ऐका. केंटकीतला हार्लन परगणा, कोळशाच्या खाणींचा डोंगराळ मुलूख. मॅग्ज बेनेट ही तिथली दुकानदारीण. दुकान नावाला, खरा धंदा गांजाचा. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात ती एका माणसाला घरी गाळलेली दारू पाजते. 'ॲपल पाय' म्हणतात तिला. स्वतःही त्याच बरणीतली पिते. थोड्या वेळात त्याचा श्वास अडकायला लागतो. विष बरणीत नव्हतंच, त्याच्या ग्लासात आधीपासून लावलेलं होतं. आणि मॅग्ज त्याचा हात हातात घेऊन, पोराला थोपटून निजवावं तशा सुरात, तुझ्या मुलीचं मी बघेन म्हणून सांगते. आवाज तसूभरही चढत नाही. ओरडणारे खलनायक आपण पुष्कळ पाहिलेत. धाप लागते त्यांची. ही बाई मात्र खरोखरच माया करते आहे आणि खरोखरच जीव घेते आहे. यातलं काहीच ढोंग नसतं, म्हणून अंगावर काटा येतो.

या भूमिकेसाठी 2011 साली त्यांना सहायक अभिनेत्रीचं एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालं. तेव्हा वय साठ.

मग आधीची साठ वर्षं? जन्म 1951 चा, टेक्सासमधल्या जॅक्सनव्हिल गावचा. पुढे रंगभूमी. 1987 मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'स्टील मॅग्नोलियाज' हे नाटक आलं, तेव्हा ब्यूटी पार्लर चालवणारी ट्रूवी पहिल्यांदा रंगवली ती यांनीच. दोन वर्षांनी सिनेमा निघाला आणि ट्रूवी झाली डॉली पार्टन! पडद्याला चमकतं नाव लागतं, दुसरं काय. मार्गोबाईंच्या वाट्याला नर्स, शेजारीण, कुणाची तरी आई अशी कामं येत राहिली. त्यातही 2004 च्या 'मिलियन डॉलर बेबी'मधली मुष्टियोद्ध्या मुलीची आई आठवा. मुलगी कौतुकाने घर घेऊन देते आणि आईला चिंता आपला सरकारी भत्ता बंद होईल याची. पाच मिनिटांचं काम असेल, पण बाईचा राग येतो तो उतरत नाही.

'डेक्स्टर'मध्ये त्या पोलीस खात्याच्या दप्तरात काम करणारी कॅमिला होत्या. तिला मनासारखा 'की लाइम पाय', म्हणजे लिंबाच्या स्वादाचा एक गोड पदार्थ, कधी मिळालेला नसतो. ती कर्करोगाने मरणपंथाला लागल्यावर मालिकेचा नायक डेक्स्टर तिच्याच सांगण्यावरून विष घातलेला 'की लाइम पाय' तिला भरवतो. म्हणजे एका मालिकेत विष खाणारी, दुसरीत पाजणारी! हा निव्वळ योगायोग, पण दोन्ही प्रसंग लागोपाठ पाहाच. चेहरा तोच, केसांची ठेवणही फारशी बदललेली नाही, आणि बाई संपूर्ण वेगळी. वेश पालटून वेगळं दिसणं त्या मानाने सोपं.

मग 'द अमेरिकन्स'. 1980 च्या दशकातलं वॉशिंग्टन, अमेरिकन नवरा-बायको म्हणून राहणारे दोन सोव्हिएत हेर, आणि त्यांना हुकूम देणारी केजीबीची क्लॉडिया. दिसायला निवृत्त शिक्षिका. शेवटच्या सीझनमध्ये ती या जोडप्याच्या मुलीला रशियन स्वयंपाक शिकवते, जुने सिनेमे दाखवते. पुन्हा तीच माया, पुन्हा त्याखाली धार. 2015 आणि 2016 अशी सलग दोन वर्षं पाहुण्या अभिनेत्रीचं एमी त्यांनी याच क्लॉडियासाठी घेतलं. मधल्या काळात 'द मिलर्स' या विनोदी मालिकेत विल आर्नेटची भांडकुदळ आईही करत होत्या. मला ती मालिका बेतासबात वाटली, पण एकाच सुमारास ही दोन कामं करणाऱ्या बाईला दाद द्यायलाच हवी.

'बोजॅक हॉर्समन' या कार्टून मालिकेने तर कमालच केली. त्यात 'चरित्र अभिनेत्री मार्गो मार्टिनडेल' नावाचं पात्रच आहे, नावाआधी पदवी लावल्यासारखं. हे पात्र बंदूक घेऊन दरोडे घालतं, आणि आवाज अर्थात त्यांचाच. स्वतःच्या नावाची अशी टर उडवू द्यायला वेगळी ऐट लागते.

2024 मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, 'द स्टिकी' या मालिकेत त्या थेट नायिका झाल्या. क्विबेकमधली मेपल सिरप, म्हणजे मेपल झाडाच्या रसाचा गोड पाक, काढणारी शेतकरीण, लाल फितीच्या कारभाराला विटून साठ्यावरच डल्ला मारायला निघालेली. कॅनडात अशी चोरी खरोखर झाली होती, त्यावरून सुचलेली गोष्ट.

कुठून बघायला लागू, असं विचाराल तर 'जस्टिफाइड'चा दुसरा सीझन. पहिला नाही पाहिला तरी अडत नाही. शेवटच्या भागापर्यंत मात्र सोडू नका, ती 'ॲपल पाय'ची बरणी तिथे पुन्हा निघते. ग्लासांकडे लक्ष ठेवा. नमस्कार.