विशेष काही नाही

(सांगलीतल्या एका वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, गेल्या रविवारी संध्याकाळी आमच्या आठ मैत्रिणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय काय आलं, ते आधी वाचून दाखवते. सगळ्यांची परवानगी घेऊनच आले आहे.

"हरिपूरला जाऊन आलो. संगमावर पाणी बरंच खाली गेलंय. येताना मंडईतून वांगी आणली, भरीत केलं."

"यांचं रूट कॅनल झालं. दोन दिवस पेज आणि मऊ भात."

"नात आता जिन्याच्या चार पायऱ्या एकटी चढते. उतरता येत नाही, मग वरून हाका मारते."

"जाऊबाईंच्या मुलाची वास्तुशांत होती. पंगत बसवली होती, बुफे नव्हता."

"मी आज काहीच केलं नाही. दुपारी भडंग खात पडले होते. विशेष काही नाही."

हे सगळं ऐकून, यावर तासभर काय बोलायचं, असं तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल. मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निबंधाचे विषय असायचे ते मोठमोठे, राष्ट्रीय एकात्मता, विज्ञान शाप की वरदान. 'काल आमच्या घरी काय स्वयंपाक झाला' हा विषय मी पस्तीस वर्षांत एकदाही दिला नाही. आज त्याची खंत वाटते. कारण माणसं एकमेकांशी खरं बोलतात ते याच विषयावर.

आपल्या बोलण्याची रीत पाहा. दोन माणसं भेटली की पहिला म्हणतो, "काय विशेष?" दुसरा म्हणतो, "विशेष काही नाही." आणि मग दोघं अर्धा तास बोलत उभे राहतात. पाणी दोन दिवसांनी येतंय, म्हैस आटली, धाकटीला स्थळ आलंय, गुडघा दुखतोय. 'विशेष काही नाही' असं म्हटल्यावर जे बोलणं सुरू होतं, त्यावर नाती टिकतात असं माझं ठाम मत आहे. आज मला तेवढंच सांगायचं आहे.

माझं आजोळ खानापूर तालुक्यातलं. विटा, खानापूर, आटपाडी हा पट्टा पूर्वी पावसाच्या भरवशावरचा. तिथली माणसं गलाईच्या धंद्यात गेली. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. भारतातल्या बहुतेक मोठ्या शहरांच्या सराफ बाजारात आपल्या या भागातला गलाईवाला भेटतो. माझा मामा असाच तमिळनाडूत गेला होता. दर महिन्याला आजीला त्याची मनिऑर्डर यायची. त्या फॉर्मला खाली एक पट्टी असे, निरोप लिहायला. जेमतेम चार ओळी मावायच्या. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, पट्टी फाडून हातात द्यायचा, आणि आजीला अक्षरओळख नव्हती म्हणून ओसरीवर बसून वाचूनही दाखवायचा. पैशाचा आकडा आजी एकदाच ऐकायची. पट्टी मात्र दोनदा, तीनदा वाचायला लावायची.

त्यातल्या काही पट्ट्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत सापडल्या, त्या आज माझ्याकडे आहेत. एकीवर लिहिलंय, "इकडे भात फार. भाकरी मिळत नाही. परवा एका गाववाल्याकडे ज्वारीचं पीठ आलं होतं, दोन भाकरी खाल्ल्या. तांबडीला काय झालं, पाडा का पाडी?" बस, एवढंच. खुशालीचा मायना नाही, उपदेश नाही. पण हे ऐकल्यावर आजीला कळायचं की पोरगा भाकरीसाठी झुरतोय, आणि गोठ्यातल्या गाईचे दिवस भरलेत हे त्याच्या लक्षात आहे. मग मिरजेच्या दिशेनं कुणी निघालं, की पिठाचं गाठोडं त्याच्याबरोबर जायचं. रेल्वेनं ते पुढे कसं पोचायचं कोण जाणे, पण पोचायचं.

त्याआधीच्या बायका तर जात्याशी बोलत होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून, सहकाऱ्यांच्या साथीनं, एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत देवधर्म आहे, दुःख आहे, पण भाऊ आला, त्याला काय रांधलं, लेकीला कुठे दिली, हेही खूप आहे. पहाटेच्या अंधारात दळताना शेजारच्या जात्यावरच्या बाईनं ऐकावं म्हणून गायलेलं. ती दाद द्यायची, पुढची ओवी जोडायची. बाईला रविवार नव्हताच, तिनं पहाटेचा तो वेळ काढून ठेवला होता.

आता मी २०१९ कडे येते. आज या विषयावर बोलायला मी तयार झाले, ती त्यामुळेच.

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की "आयर्विनला किती?" असं विचारतात. बाहेरच्या माणसाला याचा अर्थ लागणार नाही. आयर्विन पूल १९२९ सालचा, कृष्णेची पातळी तिथे मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या, म्हणजे सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीतल्या, कितीतरी घरांनी २००५ च्या पुराची खूण भिंतीवर जपली होती. त्या खुणेच्या वर सामान चढवून माणसं निर्धास्त होती. पाणी त्या खुणेच्याही वर आलं.

४ ऑगस्टला रविवार होता. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. आमच्या ग्रुपवर नेहमीसारखं चाललं होतं. कुणी भजी तळली होती, कुणाचं छत गळत होतं. गावभागातल्या मैत्रिणीनं लिहिलं, "पुरण वाटून ठेवलं, उद्या दिंडं. सासूबाईंना आता खालच्याच खोलीत ठेवलंय, जिना अजिबात होत नाही. फ्रीजचं दार नीट लागत नाही, त्यांचं इन्शुलिन त्यातच आहे, मेकॅनिकला सांगितलंय."

नीट ऐका हं हा मेसेज. तिनं मदत मागितलेली नाही. पुराचा तर उल्लेखही नाही. रविवारचा आढावा आहे, रोजच्यासारखा. पण सांगलीतल्याच विश्रामबाग भागातल्या मैत्रिणीनं सोमवारी आयर्विनचा आकडा पाहिला आणि तिला पहिल्यांदा आठवली ती खालची खोली. तिनं विचारलंही नाही, मुलाला गाडी घेऊन पाठवलं. "काकू, आईनं आजींना न्यायला सांगितलंय." तो आणि त्याचा मित्र, दोघांनी आजींना खुर्चीसकट उचलून गाडीत बसवलं. इन्शुलिन कुणाच्या फ्रीजमध्ये ठेवायचं, याचा निरोप मिरजेच्या मैत्रिणीकडून तासाभरात आला. दोन दिवसांत त्या गल्लीत होडीशिवाय जाता येईना. वीज गेली होती. खुर्चीत बसलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या बाईंना होडीत कसं उतरवलं असतं, याचा विचार आजही केला तरी माझे हात गार पडतात.

पुढे फोन चार्ज करायचीही पंचाईत झाली. ज्यांच्याकडे वीज नव्हती त्यांनी दिवसातून दोनदाच फोन चालू करायचा आणि 'ठीक' एवढा एकच शब्द टाकायचा, असं आम्ही ठरवलं. त्या आठवड्यातले ते 'ठीक' मी अजून पुसलेले नाहीत.

सरकारी यंत्रणा हवीच, होड्या हव्यात, जवान हवेत, त्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. पण कुणाच्या घरी कोण खालच्या मजल्यावर झोपतं, ही माहिती कुठल्या कचेरीत मिळणार? ती रविवारच्या गप्पांतच असते. आणि वर्षानुवर्षं काहीही कारण नसताना त्या चालू असतील, तरच.

म्हणून फॉरवर्ड मेसेजांबद्दल माझं मन फार कडू आहे, ते इथे सांगितलंच पाहिजे. गुलाबाच्या फुलावरचं 'शुभ सकाळ' परवडलं, त्यानं निदान कुणाचं वाईट होत नाही. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणारे पाच जण जमावानं ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं, मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं पुढे ढकललेल्या मेसेजवर तशी खूण दिसायची सोय केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी तो पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. माझं म्हणणं असं, की अशा मेसेजचा धनी कोणीच नसतो. 'मी आज भरीत केलं' या वाक्याला धनी असतो. ते मी लिहिलेलं असतं, खोटं निघालं तर मला विचारता येतं. आमच्या ग्रुपचा एकच नियम आहे, स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक वाक्य. फोटो टाकला तरी त्याखाली एक वाक्य हवं. नुसता ताटाचा फोटो आला की आम्ही विचारतो, "अगं, पण जेवायला कोण होतं?"

आणखी एक गोष्ट, ही माझ्या चुकीची. माझ्या मुलीला दिवस गेले तेव्हा तिनं मला सांगितलं आणि मी त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहून टाकलं. आनंदच तेवढा झाला होता. तिसरा महिनाही पूर्ण झाला नव्हता. एका मैत्रिणीच्या सुनेकडून ती बातमी फिरत फिरत मुलीच्या सासरी पोचली, आणि तिथे ती तिला स्वतःच्या तोंडानं सांगायची होती. ती माझ्यावर ओरडली नाही. "आई, ती माझी बातमी होती गं," एवढंच म्हणाली. तेव्हापासून घरातल्या कुणाबद्दलही लिहायच्या आधी मी त्या माणसाला विचारते. आजाराबद्दल तर नक्कीच. आपलं भरीत आपलं असतं, पण लेकीची बातमी लेकीची असते. तुम्हीही हे सांभाळा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

शेवटी मिरजेच्या मैत्रिणीबद्दल सांगते. हो, इन्शुलिनचा निरोप देणारीच. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले. आम्ही सगळ्या जाऊन आलो, दिवस झाले. पुढचा रविवार आला आणि ग्रुपवर कुणाचा हात चालेना. हिच्या घरात हे असं, आणि आपण श्रीखंडाचे फोटो कसे टाकायचे? एक रविवार गेला, दोन गेले, सहा गेले. ग्रुप गप्प. आम्हाला वाटत होतं की आपण तिचं मन राखतोय.

सातव्या रविवारी तिचाच मेसेज आला. "तुम्ही लिहायचं का थांबलात? घरात कुणी बोलत नाही, आता फोनही बोलत नाही."

मला स्वतःचा फार राग आला. त्या रात्री सातही जणींनी लिहिलं, होतं नव्हतं ते सगळं. कुणाच्या गॅसचा रेग्युलेटर बिघडला होता तेसुद्धा. ती काही लिहीत नव्हती, पण वाचत होती, निळ्या खुणा दिसायच्या. असे तीन-चार महिने गेले. मग डिसेंबरातल्या एका रविवारी रात्री साडेनऊला तिनं लिहिलं, "आज मेथीची भाजी केली. जुडी मोठी निघाली. एकटीला जास्त झाली."

'काळजी घे' असं कुणी लिहिलं नाही. विश्रामबागेतलीनं लिहिलं, "ठेव झाकून. उद्या भाकऱ्या मी आणते." गावभागातली म्हणाली, "शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे."

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही चौघी मिरजेला पोचलो. तिनं भाजी गरम करायला ठेवली होती. लसूण जरा जास्त पडला होता, आणि ते तिला आधीच माहीत होतं. दार उघडताच पहिलं तेच सांगितलं तिनं.