पिल्लू पायावर उभे का राहत नाही?

श्रोतेहो, नमस्कार. निफाडकडे थंडी उतरली, की कोंबडीपालकांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते : “डॉक्टर, पिल्ले पायावर बसलीत, कोणते औषध देऊ?” या प्रश्नाचे उत्तर मी लगेच देत नाही, कारण पाय लुळा पडणे हा आजार नसून अनेक आजारांचे एकच लक्षण आहे, आणि अंदाजाने पाण्यात मिसळलेले प्रतिजैविक बहुधा पैसाही घालवते आणि वेळही.

म्हणून आधी वय विचारावे. पहिल्या दोन-चार दिवसांत पाय दोन्ही बाजूंना फाकत असतील, तर ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या जागेत, तुसावर गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरले आहे का, हे पाहावे. त्यावर पाय घसरतात; खडबडीत गोणपाट घातले आणि दोन्ही पाय मऊ पट्टीने सैलसर जोडून ठेवले, तर बरीच पिल्ले सावरतात. त्याच वयात पिल्ले एकमेकांवर चढून गठ्ठा करून बसली असतील, तर ती आजारी नसून गारठलेली असू शकतात. पहिल्या आठवड्यात त्यांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब हवी. पुढे ती दर आठवड्याला साधारण 3 अंशांनी कमी करावी.

पेठ तालुक्यातील एका ताईंनी टोपलीतून आणलेली पिल्ले मला आजही आठवतात. पिल्ले दोन आठवड्यांची, डोळे तरतरीत, दाणा टाकताच टिपायला धडपडणारी. पण बोटे मुठीसारखी आत वळलेली, आणि चालणे त्या सांध्यावर, ज्याला आपण गुडघा म्हणतो पण जो खरे तर घोटा असतो. “खायला काय देता?” असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “घरची कणीच की.” निदान त्या एका वाक्यात होते. नुसत्या तांदळाच्या कणीत ब-2 जीवनसत्त्व, म्हणजे रायबोफ्लेविन, फार कमी असते आणि त्याअभावी पायाच्या शिरा, म्हणजे मज्जातंतू, सुजतात. हे जीवनसत्त्व आणि पिल्लांचे संतुलित खाद्य सुरू केल्यावर नुकतीच बसलेली पिल्ले उठली. ज्यांची बोटे बरेच दिवस वळलेली होती, ती मात्र तशीच राहिली. म्हणून पहिले पिल्लू बसले त्याच दिवशी विचारा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

चोच बोटाने दाबून पाहिली आणि ती रबरासारखी वाकली, तर ड-3 जीवनसत्त्व, कॅल्शियम किंवा फॉस्फरस कमी पडून मुडदूस झाल्याची शंका घ्यावी. एक ते तीन आठवड्यांचे पिल्लू मुठीत धरल्यावर डोक्या-मानेची बारीक थरथर हाताला जाणवली, तर तो मेंदूचा विषाणूजन्य आजार असू शकतो.

साधारण सहा आठवड्यांनंतर एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पक्षी आडवा पडला, तर मरेक्स आजार आधी मनात यावा. हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी 1907 मध्ये त्याचे वर्णन केले. त्यावर आजही उपचार नाही. लस पिल्लाला पहिल्या दिवशी हॅचरीतच, म्हणजे अंडी उबवणी केंद्रातच, टोचावी लागते, तेव्हा पिल्ले घेताना ती टोचली आहे का, हे स्पष्ट विचारावे. हा विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरत असल्याने पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून दूर वाढवावीत.

मात्र एकदम अनेक पक्षी सुस्त झाले, हिरवी हगवण लागली, तोंड उघडून श्वास घेऊ लागले, माना पिळवटल्या, तर ती राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, असू शकते. तेव्हा पक्षी बाजारात नेऊ नयेत, मेलेले ओढ्यात टाकू नयेत आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे.

शवविच्छेदनासाठी पक्षी पाठवायचा असेल, तर तो फ्रीझरमध्ये गोठवू नका. गोठल्याने पेशी फुटतात आणि तपासणीत खुणा नीट दिसत नाहीत. दुहेरी पिशवीत बांधून, भोवती बर्फ ठेवून, काही तासांत पोहोचवा, आणि सोबत पिल्लांचे वय, लसींच्या तारखा आणि मूठभर खाद्य द्यायला विसरू नका.