राडारोडा, राख आणि नवं काँक्रीट

नमस्कार, श्रोतेहो.

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही जुन्या वस्तीतून सध्या चालत निघा, पुनर्विकासासाठी पाडायला घेतलेली एखादी तरी इमारत दिसतेच. हिरव्या जाळीमागे ब्रेकरची धडधड चालू असते, धुरळा उडत असतो आणि रात्री उशिरा भरलेले डंपर बाहेर पडतात. त्यांतला बराच माल नदीकाठी, ओढ्यात, टेकडीच्या पायथ्याला किंवा खाडीतल्या खारफुटीवर जाऊन पडतो. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी घरांत शिरलं की आपण पावसाला दोष देतो. ओढ्याचं पात्र आपल्याच पाडलेल्या भिंतींनी अरुंद केलेलं असतं.

आता शहर सोडून थोडं बाहेर या. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरच्या साखर कारखान्यांत बॉयलरच्या मागच्या बाजूला बगॅसची, म्हणजे जाळलेल्या उसाच्या चिपाडाची राख साठते. गोंदिया-भंडाऱ्याच्या भात गिरण्यांबाहेर तुसाच्या काळ्या राखेचे ढीग असतात. वारा सुटला की ती राख शेजारच्या शेतात, विहिरीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते.

शहरातला राडारोडा आणि गावाकडची राख, हे दोन ढीग एकत्र आणून चांगलं काँक्रीट करता येतं, आणि तेही एकातली उणीव दुसऱ्याने भरून काढत. आज त्याबद्दलच बोलायचं आहे. त्याच्या मर्यादाही सांगणार आहे, कारण घर आपलं असतं आणि स्लॅबखाली आपली माणसं झोपतात.

काँक्रीटच्या घनफळातला 60 ते 75 टक्के भाग खडी आणि वाळूचा असतो. आपली खडी येते काळ्या पाषाणाच्या डोंगरांतून. खाण लागते, सुरुंग लागतात, क्रशर लागतो. वाळूसाठी नद्यांचं काय झालं, ते नदीकाठच्या श्रोत्यांना मी सांगायची गरज नाही. सिमेंटची गोष्ट निराळी. त्यासाठी चुनखडी भट्टीत सुमारे 1450 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्या उष्णतेने दगडात बांधलेला कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो, वर इंधनाचा धूर वेगळा. जगभरातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के धरला जातो. म्हणजे खडी वाचवायची तर डोंगरासाठी, आणि सिमेंट वाचवायचं तर हवेसाठी. राडारोडा खडीची जागा घेतो आणि राख सिमेंटच्या काही भागाची.

आधी राडारोड्याकडे पाहू. प्रक्रिया केंद्रात काँक्रीटचे मोठे ठोकळे फोडतात, चुंबकाने सळ्यांचे तुकडे ओढून काढतात, लाकूड आणि प्लास्टिक हाताने, पाण्याने किंवा हवेच्या झोताने वेगळं करतात. मग क्रशरमधून आणि चाळण्यांतून खडी, बारीक खडी आणि वाळू निघते. देशातलं असं पहिलं मोठं केंद्र दिल्लीत बुराडीला 2009 मध्ये सुरू झालं. नोएडाचे जुळे मनोरे 28 ऑगस्ट 2022 ला स्फोटाने पाडले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. काही सेकंदांत सुमारे 80,000 टन राडारोडा जमिनीवर आला आणि त्यातला काही भाग तिथल्याच प्रक्रिया केंद्रात गेला. आपल्याकडे मुंबईसाठी दहिसर आणि डायघर इथे अशी केंद्रं आहेत, पुण्यासाठी वाघोलीत आहे. वाघोली म्हणजे दगडखाणींचं गाव. जिथल्या दगडाने शहर उभं राहिलं, तिथेच आता शहराचा मोडलेला दगड परत जातो, आणि हे मला फार योग्य वाटतं.

पण ही खडी खाणीतल्या खडीसारखी नसते. करवंटीला खोबरं चिकटून राहावं तसा तिच्या दगडाला जुना सिमेंटचा माल चिकटलेला असतो. हा माल सच्छिद्र असतो, त्यात बारीक भेगा असतात. चांगली बेसॉल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची खडी वजनाच्या एक-दोन टक्के पाणी शोषते, ही त्याच्या कितीतरी पट शोषते. कोरडीच मिक्सरमध्ये टाकली तर ती मालातलं पाणी ओढून घेते, माल घट्ट होतो आणि गवंडी वरून बादलीभर पाणी ओततो. तिथेच काँक्रीट बिघडतं. म्हणून ही खडी आदल्या दिवशी भिजवून, वरचं पाणी निथळू देऊन वापरायची. आपल्या मानकात, म्हणजे आयएस 383 च्या 2016 सालच्या आवृत्तीत, पुनर्वापराच्या खडीला 10 टक्क्यांपर्यंत पाणी शोषण्याची मुभा आहे, ती आधी भिजवण्याच्या अटीवरच.

हेच मानक कुठे किती वापरायचं तेही सांगतं. निव्वळ काँक्रीट फोडून केलेली खडी सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत चालते. सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत, आणि तेही एम 25 किंवा त्याखालच्या दर्जाच्या कामात. एमपुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो, जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत. एम 15 च्या खालच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये, पायाखाली अंथरतात त्या पीसीसीच्या थरासारख्या कामात, सगळीच्या सगळी खडी अशी वापरता येते. विटा, टाइल्स, प्लास्टर असं सगळं मिसळलेल्या मालाची खडी मात्र फक्त लीन काँक्रीटमध्ये. उरलेल्या मिश्र मालाला रस्त्याखालचा भराव आहे, फुटपाथचे ब्लॉक आहेत. ही बंधनं मला योग्यच वाटतात. जुनं काँक्रीट कुठल्या पाण्याने कालवलं होतं, किनाऱ्याजवळ किती वर्षं खारं वारं खात उभं होतं, हे खडीकडे पाहून कळत नाही. त्यात मुरलेले क्षार नव्या सळईला गंजवू शकतात.

आता राखेकडे वळू. यातली रसायनाची बाजू थोडी सवडीने सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

सिमेंटला पाणी मिळालं की त्यातून एक चिकट जेल तयार होतं. तेच खडी-वाळूला घट्ट धरतं. त्याबरोबर चुनाही सुटतो, आणि घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये तो साधारण पाचवा ते चौथा हिस्सा असतो. ताकदीला हा चुना फारसा उपयोगाचा नाही. खडीच्या पृष्ठभागाजवळ त्याचे स्फटिक जमतात आणि तीच काँक्रीटची कमकुवत जागा ठरते. अशा वेळी बारीक, स्फटिकरूप न झालेली सिलिका मिसळली, तर ती (सिलिका म्हणजे वाळूतला मुख्य घटक, आणि आपल्या राखेत ती भरपूर असते) या चुन्याशी हळूहळू संयोग करते आणि पुन्हा तेच चिकट जेल बनवते. मात्र चुना सगळाच संपवायचा नसतो, कारण सळईला गंजापासून जपणारी अल्कता त्याच्यामुळे टिकते. म्हणून राख मोजून घालायची.

हे ज्ञान आपल्याला परकं नाही. चुन्यात सुरखी घालून बांधकाम करण्याची आपली जुनी रीत होती. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांचा चुरा. किल्ल्यांवर चुन्याचे घाणे अजून पाहायला मिळतात. त्या गोल चरात बैल दगडी चाक फिरवायचे आणि चुना मळला जायचा. त्यात गूळ, बेलफळ, डिंकही घालत. मोडलेली वीट आणि शेतातला माल, दोन्ही त्या चुन्यात होतं. सुरखी चुन्याशी जे करायची, तेच आज राख सिमेंटमधल्या चुन्याशी करते.

धानाचं रोप जमिनीतून सिलिका ओढून घेतं आणि तुसात साठवतं. 100 किलो धानामागे साधारण 20 किलो तूस निघतं, आणि ते जाळलं की 4 किलो राख उरते. त्या राखेत 85 ते 90 टक्के सिलिका असते. अट एकच, आच सांभाळायची. 500 ते 700 अंशांच्या दरम्यान जळालेल्या तुसाची सिलिका चुन्याशी संयोग करायला तयार राहते. आच त्याहून फार वाढली तर तिचे स्फटिक होतात आणि ती चुन्याला दाद देत नाही. आच कमी पडली तर राखेत कोळसा उरतो आणि तो पाणी पितो. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवणारे, मूळचे भारतीय पी. कुमार मेहता यांनी 1970 च्या दशकात याच राखेवर पायाभूत काम केलं. नीट जाळून दळलेल्या राखेने काँक्रीट इतकं दाट होतं की खारे क्षार आत शिरायला अडखळतात. कोकणात ज्यांच्या स्लॅबची सळई फुगून पापुद्रे पडले आहेत, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. आणि आयएस 456 या आपल्या काँक्रीटच्या मुख्य मानकात 2000 सालापासून तुसाच्या राखेचं नाव आहे. गुणवत्ता सिद्ध करा, संबंधित अधिकाऱ्याची मान्यता घ्या आणि वापरा, असं ते म्हणतं. वाट मोकळी असून आपण तिच्यावरून चाललोच नाही, याचं मला वाईट वाटतं.

बगॅसच्या राखेचं गणित मोठं आहे. एका टन उसामागे अखेरीस साधारण 6 किलो राख उरते. ऐकायला थोडी वाटते. पण चांगल्या हंगामात आपल्या राज्यात 10 कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो, म्हणजे 6 लाख टन राख. ती तशीच सिमेंटमध्ये घालून चालत नाही. तिच्यात अर्धवट जळालेले चिपाडाचे धागे असतात. आयआयटी मद्रासमध्ये मनू संथानम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ही राख 300 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळली तर ते धागे वर राहतात, आणि खालची राख सिमेंटइतकी बारीक दळली तर ती उत्तम काम देते. चाळण आणि दळण. साखर कारखान्याला हे जड नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख मात्र मी सुचवणार नाही. तिथली आच दर तासाला बदलते आणि राखेचा भरवसा धरता येत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. शेतातलं सगळंच काँक्रीटमध्ये घालायला निघू नका. पाचट जमिनीचं आहे, ते सरीत कुजू द्या. कडबा जनावरांचा आहे. जी राख कारखान्यात आणि गिरणीत आधीच तयार होते, तेवढ्याच राखेचा हा विषय आहे.

आता दोन्ही एकत्र आणा. राडारोड्याच्या खडीवरचा जुना माल सच्छिद्र आहे, त्यात चुनाही आहे. राखेचे बारीक कण त्या छिद्रांत आणि भेगांत जाऊन बसतात, तिथल्या चुन्याशी संयोग करतात आणि खडीची कमकुवत कड दाट होते. मिक्सरमध्ये क्रम थोडा बदलला तर फायदा आणखी वाढतो. आधी खडी-वाळू घ्यायची, मग निम्मं पाणी, मग सिमेंट आणि राख, आणि शेवटी उरलेलं पाणी. खडीवर आधी पातळ लेप बसतो आणि तो भेगा भरतो. जास्तीचं यंत्र लागत नाही, मिक्सरवाल्याला नीट समजावून सांगावं लागतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पाडकामाच्या दिवसाची. हल्ली घराघरांत पीओपीचं सिलिंग असतं. पीओपी म्हणजे जिप्सम. ते काँक्रीटच्या मालात मिसळलं की त्यातलं सल्फेट पुढे नव्या काँक्रीटमध्ये आतून फुगतं आणि तडे पाडतं. एकदा भरडून मिसळल्यावर ते वेगळं काढणं जवळपास अशक्य. म्हणून जेसीबी लागण्याआधी सिलिंग, दारं-खिडक्या, काच, वायरी, प्लास्टिकच्या टाक्या हाताने उतरवायला हव्यात. 2016 च्या केंद्रीय नियमांनीही मोठ्या पाडकामांना चार वेगळे ढीग करायला सांगितलं होतं: काँक्रीट, माती, विटा आणि चुना-माल, आणि स्टील-लाकूड-प्लास्टिक. सरकारी आणि पालिकेच्या कामांत 10 ते 20 टक्के पुनर्वापराचा माल सक्तीने घ्यावा, असंही त्यात होतं. सोसायटीच्या पुनर्विकासाचा करार करताना सभासद पार्किंग आणि वाढीव कार्पेटसाठी रात्ररात्र बसतात. त्याच करारात एक कलम घाला, की इमारत टप्प्याटप्प्याने उतरवली जाईल आणि राडारोडा प्रक्रिया केंद्रात गेल्याच्या पावत्या सोसायटीला मिळतील.

गावातल्या सरपंचांना आणि घर बांधणाऱ्यांना माझं सांगणं असं, की सुरुवात कॉलम-स्लॅबपासून करू नका. अंगणाचा कोबा, पायाखालचं पीसीसी, गटाराचा तळ, शाळेच्या आवारातले ब्लॉक इथून करा. राख घेताना तिचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा आणि कुठल्या बॉयलरची आहे ते विचारा. काँक्रीट ओतताना क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे चौकोनी नमुने, भरून ठेवा. 28 दिवसांनी तर ते तपासाच, पण काही क्यूब 90 दिवसांसाठीही राखून ठेवा, कारण राखेचं काम सावकाश चालतं आणि ताकद पुढेही वाढत राहते. याच कारणाने तिला पाणीही जास्त दिवस लागतं. साध्या सिमेंटला मानक किमान 7 दिवस सांगतं, राख असेल तर किमान 10 आणि शक्यतो 14. कंत्राटदार आठव्या दिवशी म्हणेल, झालं आता, पाईप गुंडाळतो. त्याला सांगा, यात राख आहे, अजून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं आहे, पोती ओली ठेवायची आहेत.

नमस्कार.