वॉकर घ्यायच्या आधी उभं राहून माप द्या

नमस्कार मंडळी. फिजिओथेरपी करते त्याला मला आता 20 वर्षं होतील, पण आजचा विषय मी शिकले तो माझ्या आईमुळे. आईचं घर पारोळा तालुक्यात, जुनं धाब्याचं, पुढे ओटा, दोन पायऱ्या, उंबरठा चांगला वीतभर. खुब्याचं ऑपरेशन झालं नि भावाने प्रेमापोटी तालुक्याच्या दुकानातून चार चाकांचा, सीटवाला, ब्रेकवाला वॉकर आणला, दुकानदार म्हणाला हाच सगळ्यात भारी. मी तेव्हा नाशिकला होते, मला कोणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी आई पहाटे मोरीकडे निघाली, अंगाचा भार पुढे टाकला आणि चाकं पळाली. तिच्या बोटांना संधिवात, ब्रेक दाबायची ताकदच नव्हती. पडली, हाड वाचलं, पण पुढे महिनाभर खाटेवरून उतरेना, म्हणायची "माले नही जोयजे तुमना गाडा". वस्तू चांगलीच होती हो, फक्त तिच्यासाठी नव्हती.

म्हणून पहिली गोष्ट, घरचा माणूस एकटा दुकानात जाऊन वॉकर आणत असेल तर त्याला थांबवा. ज्याला चालायचंय त्याने उभं राहून माप द्यायचं, रोज घरात जी चप्पल घालता ती पायात घालून. हात सैल सोडा, मनगटाला जिथे घड्याळाचा पट्टा येतो तिथे जी घडी पडते ना, त्या उंचीला वॉकरची मूठ आली पाहिजे. मग मूठ धरली की कोपर थोडंसं वाकतं, 20-30 अंश. जास्त उंच असेल तर खांदे कानाकडे चढतात, मान दुखते, ठेंगणा असेल तर माणूस वाकून चालतो आणि कंबर धरते. खाली नळीला बटन असतं, दाबून सरकवायचं, टक आवाज आला पाहिजे, आणि चारही पायांची भोकं मोजा, एक पाय एका भोकाने कमी असला तरी वॉकर डुगडुगतो. शेजारच्या नानांचा वॉकर रिकामा पडलाय म्हणून आणला, ठीक आहे, आणा, पण नानांच्या मापावर चालू नका.

आता कोणता घ्यायचा. नुसता तोल जरा जातो, एक गुडघा दुखतो, अशांना काठी पुरते. आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात! हे मी रोज सांगते तरी दहातले आठ लोक उजवा गुडघा दुखला की उजव्याच हातात धरतात. आपण चालताना उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे जातो, नाही का, मग दुखऱ्या उजव्या पायावर भार येतो त्याच क्षणी डाव्या हातातली काठी टेकते आणि खुब्यावरचा भार वाटून घेते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, काठी दुखऱ्या पायासोबत.

लकवा झालेल्याला, एक हात चालतच नाही अशाला, दोन हातांचा वॉकर देऊन उपयोग नाही, चार पायांची काठी चांगल्या हातात द्या, तिचे पसरलेले पाय अंगाच्या बाहेरच्या बाजूला, नाहीतर स्वतःचाच पाय अडकतो. ऑपरेशननंतर, किंवा दोन्ही पाय कमजोर असतील, तर बिनचाकी नाहीतर पुढे दोन चाकंवाला वॉकर. कंपवातात उचलून ठेवायचा वॉकर चालीची लय तोडतो, चाकवाला बरा पडतो, पण तो पळून जाऊ शकतो म्हणून डॉक्टर, फिजिओ यांना दाखवूनच घ्या. चार चाकांचा घ्यायचा तर ब्रेक दाबता आला पाहिजे आणि लक्षात राहिला पाहिजे. आणि आपल्या गावाकडे सारवलेलं अंगण, पावसाळ्यात काळी माती, छोटी चाकं तिथे रुततात. घराची दारं मापा, मोरीचं दार खास करून. वॉकर आत जात नसेल तर माणूस तो बाहेर ठेवून भिंत धरून जातो, आणि ओल्या फरशीवर तिथेच पडतो.

अजून एक, उठताना वॉकर ओढून उठू नका. खुर्चीच्या, खाटेच्या कडेला दोन्ही हात दाबून उठा, उभं राहिलं की मग मूठ धरा. ओढला की वॉकर अंगावर येतो, माझ्या पेशंटपैकी कितीतरी जण असेच पडलेत. बसताना मागे सरकत या, पायांच्या मागच्या बाजूला खाट लागली की मगच बसा.

पैशाचं सांगते. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 सालापासून आहे, 60 च्या पुढच्या गरीब लोकांना शिबिरात काठी, वॉकर, चष्मा, कानाची मशीन फुकट मिळते, वस्तू कानपूरच्या अ‍ॅलिम्को या सरकारी कंपनीच्या. आणि राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, 65 च्या पुढे, वर्षाचं उत्पन्न 2 लाखांच्या आत, बँक खात्यात एकदाच 3000 रुपये येतात. शिबिरात वस्तू हातात मिळाली की घाईने घरी पळू नका, तिथेच उभं राहून उंची लावून घ्या, म्हणा साहेब, माझ्या मनगटाला लावून द्या. तुमचा हक्क आहे तो.

मे महिन्यात वॉकर ओट्यावर उन्हात ठेवू नका हो, आपल्याकडे 45 डिग्रीपर्यंत जातं, नळी हाताला चटका देते आणि मुठीचं फोम सुटतं.

आता ज्यांनी काठ्या आणल्यात त्यांनी त्या उलट्या करा बरं. रबर बघा खालचं. या मावशींचं बघा, रबर एका बाजूने घासून पातळ झालंय, अ‍ॅल्युमिनियमची कड बाहेर दिसतेय. ओल्या फरशीवर ही कड सरकणारच. मावशी, आज घरी जाताना दुकानातून नवं रबर घ्या, काठी सोबत न्या, नळीच्या जाडीचं बसवून घ्या. तोपर्यंत हळू चला, आणि दारापर्यंत मी येते तुमच्यासोबत.