परातीतला पाऊस

नमस्कार श्रोतेहो. पावसाचा थेंब मोजायचा कसा? तळहातावर घ्यावा तर फुटतो, कागदावर घ्यावा तर पसरतो. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावी विल्सन बेंटली नावाचा एक शेतकरी होता. त्याच्या हिमकणांच्या फोटोंचं कौतुक सगळे करतात, पण त्याची खरी अक्कल दिसते ती पिठाच्या ताटात. त्याने इंचभर जाडीचा पिठाचा थर भुरभुरीत ठेवला, न दाबता, आणि ताट तीन-चार सेकंद पावसात धरलं. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी झाली. गोळ्या वाळवल्या आणि मोजल्या. पण गोळी म्हणजे थेंबच, हे कशावरून? म्हणून त्याने आधी मोजलेले थेंब उंचावरून पिठात पाडून पाहिले. गोळी जवळजवळ थेंबाएवढीच निघाली. १८९८ ते १९०४ अशी सहा वर्षं तो हेच करत होता. सर्वांत मोठा थेंब भरला पाव इंचाचा, म्हणजे सहा मिलिमीटर. त्याहून मोठा थेंब सहसा पडता पडताच फुटतो.

हे घरीही जमतं. परातीत मैदा चाळून घ्या, पट्टीने वरवर सपाट करा. दाबला की थेंब उडतो, गोळी होत नाही. वर दुसरं ताट झाकून उघड्यावर जा. पागोळीखाली किंवा झाडाखाली नको, तिथे मोजलं जातं ते पन्हळीचं पाणी. रिमझिमीत चार सेकंद उघडा, मुसळधारेत एकच. जास्त वेळ ठेवलं तर दोन थेंबांची एक गोळी होते आणि सगळं मोजमाप फसतं. मग पंख्याखाली रात्रभर वाळवा आणि चहाच्या गाळणीने मैदा अलगद झटका.

मे महिन्यातल्या वळवाच्या आणि जुलैतल्या घाटातल्या गोळ्या शेजारी शेजारी ठेवा. वळवाच्या टपोऱ्या, घाटातल्या बहुतेक बारीक. असं का? ढगातला कण असतो मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. तो जवळजवळ तरंगतच असतो. असे दहा लाख कण एकत्र आले तेव्हा दोन मिलिमीटरचा एक थेंब होतो. पुन्हा सांगतो, दहा लाख कण, एक थेंब. तापलेल्या जमिनीवरून हवा वेगाने वर चढते आणि ढग पाणी गोठतं त्या उंचीच्याही पार वर जातो. तिथे बर्फ वाढतो, गारा होतात, त्या वितळून मोठे थेंब येतात. हा आरोह पाऊस. सह्याद्रीवर समुद्राची दमट हवा डोंगराला अडून चढते. तिथले बरेचसे ढग बुटके, त्यांच्यात बर्फ नाहीच. कण एकमेकांवर आपटून जुळतात आणि वाढायला पुरेशी उंची मिळायच्या आत खाली येतात. हा प्रतिरोध पाऊस. म्हणूनच महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि घाट उतरून वाईला हजाराच्या बऱ्याच आत, कारण उतरणारी हवा तापते आणि ढग विरतात. तिसरा आवर्त पाऊस. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा पश्चिमेकडे सरकला की विदर्भात झड लागते.

जाता जाता, प्रत्येक जोरदार सरीला ढगफुटी म्हणायची जी सवय लागली आहे ना, ती सोडा. तासाभरात शंभर मिलिमीटर, तेही छोट्याशा भागात, तरच ढगफुटी. शंभर मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरवर शंभर लिटर. आणि चित्रात थेंबाला वर टोक काढतात, तेही चूक. बारीक थेंब गोल असतो. मोठा थेंब खालून हवेच्या रेट्याने चपटा होतो, बनपाव जसा खालून सपाट असतो तसा.

गोळ्या कागदावर चिकटवा, शेजारी तारीख, वेळ आणि वारा कुठून होता ते लिहा. उरलेला मैदा मात्र डब्यात परत ओतू नका, ओलसर मैद्याला लगेच जाळी धरते.