दरबारीचा गंधार आणि बर्लिनची दोन घराणी

नमस्कार श्रोतेहो.

ज्या आकाशवाणीच्या लहरींवर आपण सगळे लहानपणापासून गाणं ऐकत आलो, तिथे एके काळी पेटीला दार बंद होतं. १९४० सालापासून १९७१ पर्यंत हार्मोनियम वाजवायची मनाईच होती. कारण काय, तर पेटीचे बारा सूर ठोकून बसवलेले. त्यांच्या मधून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जमत नाही आणि श्रुती, म्हणजे दोन सुरांमधले बारीक सूर, तर सापडतच नाहीत. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी आवडत नसे. आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचं काम पाहणारे जॉन फोल्ड्स तर तिच्यावर तुटूनच पडले होते. आपल्याला ग्वाल्हेरकरांना हे जरा लागण्यासारखंच आहे. ठुमरीच्या मैफलीत पेटीला मानाने बसवलं ते आपल्याच शिंदे घराण्यातल्या भैया गणपतरावांनी.

हे सगळं आज आठवलं ते कॉम्प्युटरमुळे.

इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या माडीवरच्या खोलीत मी सकाळी गाणं शिकवते आणि संध्याकाळी तिथेच रेकॉर्डिंग करते. भिंतींना जुन्या गाद्या टांगल्या आहेत, खिडकीला रजई. कीर्तन, गणेशोत्सवातली नांदी, शाळेचं स्वागतगीत, कुणाच्या मुंजीची मंगलाष्टकं, जे येईल ते. गेली कितीतरी वर्षं हे काम मी एबलटन लाइव्ह या प्रोग्रामवर करते. दिवाळीत पुण्याहून भाचा आला. माझ्या टेबलावर स्वतःचा लॅपटॉप उघडून म्हणाला, “मावशी, तू अजून लाइव्हवरच? हे बघ, बिटविग.”

तो “अजून” मला टोचला. म्हटलं, बस, दाखव काय ते. पुढचे आठ दिवस आमच्या घरी फराळ कमी आणि तुलना जास्त झाली.

आधी दोघांची कुळकथा सांगते. दोन्ही प्रोग्राम बर्लिनचे. एबलटन कंपनी १९९९ मध्ये निघाली, लाइव्हची पहिली आवृत्ती आली २००१ मध्ये. त्यामागचे गेरहार्ड बेहलेस आणि रॉबर्ट हेन्के हे दोघं मोनोलेक या नावाने स्वतः इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे. म्हणजे पेटी बनवणारा आणि वाजवणारा एकच, असा तो मामला. बिटविग आला मार्च २०१४ मध्ये, आणि तो काढणारी मंडळी आधी एबलटनमध्येच नोकरीला होती. आपल्याकडे याला घराणं फुटणं म्हणतात. आग्र्याचे घग्गे खुदाबक्ष नाही का, इथे ग्वाल्हेरात शिकले आणि परत जाऊन आपली गायकी उभी केली! सगळ्या ख्यालगायकीचं मूळ इथलंच, असं आम्ही छातीठोकपणे सांगतो. इतर घराण्यांची माणसं यावर काय म्हणतात ते त्यांनाच विचारा.

बिटविगला आता दहा वर्षं होऊन गेली, पण लाइव्हपुढे तो धाकटाच. आणि धाकट्याचं नाकडोळं थोरल्यासारखं आहे. लाइव्हची खरी ओळख म्हणजे त्याचा चौकटींचा पट. एका चौकटीत मुखडा, दुसरीत अंतरा, तिसरीत तबल्याचा ठेका. जिच्यावर टिचकी माराल ती लगेच वाजत नाही, पुढचं आवर्तन सुरू होईपर्यंत थांबते आणि बरोबर समेवर येते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हरखून गेले होते. यंत्राला समेची वाट पाहता येते! बिटविगमध्येही हेच आहे. फरक एवढाच की लाइव्हमध्ये हा पट आणि गाण्याची लांबलचक आडवी मांडणी या दोन्हींमध्ये टॅबचं बटण दाबून ये-जा करावी लागते. बिटविगमध्ये दोन्ही शेजारीशेजारी दिसतात. लाइव्हमध्ये दुसरी खिडकी उघडता येते म्हणा, पण माझ्या एवढ्याशा पडद्यावर दोन खिडक्या म्हणजे एका ओसरीवर दोन पंगती.

असल्या गोष्टींनी माझं मत बदलणार नव्हतं. मी भाच्याला म्हटलं, “हे सगळं ठीक आहे. मला दरबारी रागाचा गंधार काढून दाखव.”

श्रोतेहो, इथे थोडं थांबून सांगायला हवं. कॉम्प्युटर आणि वाद्यं ज्या भाषेत बोलतात ती मिडी नावाची भाषा १९८३ ची. तिच्यात प्रत्येक सुराला एक नंबर, ० ते १२७. साठ नंबर, एकसष्ट नंबर. साडेसाठ असा नंबरच नाही. म्हणजे पुन्हा आपली पेटीच झाली, फक्त लांबीला जास्त. सूर वर-खाली सरकवायची एक सोय त्यात होती, पण ती एका वाहिनीवरच्या सगळ्या सुरांना एकदम सरकवायची. एका बोटाने मींड घ्यायला जावं तर शेजारचा षड्जही घसरायचा.

आणि चुकतं तरी किती? पेटीच्या लगतच्या दोन सुरांमधलं अंतर म्हणजे शंभर सेंट. आजच्या यंत्रांच्या या मापात षड्जापासून शुद्ध गंधार ४०० सेंटवर असतो. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो, तो ३८६ च्या आसपास. चौदा सेंटचा फरक. कागदावर नगण्य वाटतो. तंबोरा चालू ठेवून दोन्ही ऐका, पेटीचा गंधार कानाला टोचतो. कोमल गंधाराचं उलटं आहे, पेटीवर ३०० आणि तारेच्या हिशेबाने ३१६. आणि दरबारीतला कोमल गंधार या दोन्हींपैकी कुठेच उभा राहत नाही. तो रिषभावरून सावकाश वर येतो, डोलतो, खाली झुकतो, पुन्हा येतो. दरबारी तानसेनाने घडवला असं मानतात, आणि तानसेनाची समाधी आपल्या हजिऱ्यात. ग्वाल्हेरात बसून हा गंधार चुकवायची सोय नाही.

बिटविगमध्ये पहिल्या आवृत्तीपासून प्रत्येक सुराची वेगळी रेघ काढता येते. भाच्याने एक सूर ठेवला, खालची पट्टी उघडली आणि माउस माझ्या हातात दिला. मी झोकात रेघ ओढली, वर-खाली-वर-खाली. वाजवलं तर अँब्युलन्स! भाचा हसून हसून खुर्चीतून घसरला.

मग मी शहाणपण केलं. माइकपुढे बसून स्वतः दरबारीचा तो गंधार गायले, रेकॉर्ड केला आणि त्याची सुरांची रेघ बघून शेजारी तशीच काढायला लागले. चाळीस वर्षं गाते आहे, पण माझा गंधार कसा डोलतो ते त्या दिवशी मला डोळ्यांना दिसलं. पहिला झोका सगळ्यांत मोठा आणि संथ. दुसरा लहान. तिसऱ्यात मी रिषभाला नुसता स्पर्श करून परत येते. अंतरं सारखी नाहीत, वेळही सारखा नाही. विद्यार्थिनींना मी वर्षानुवर्षं “आंदोलन सारखं ठेव गं” म्हणत आले होते, आणि मीच ठेवत नव्हते.

दीड तास लागला. मग खाली जाऊन आमच्या पेटीवाल्या काकांना वर घेऊन आले. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. जिना चढून आधी पाणी प्यायले, मग ऐकलं. म्हणाले, “हं, आता गंधार आहे. पण रिषभ सोडायची घाई केलीस.” रेघ थोडी मागे ओढली. काका गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं म्हणजे पसंती.

इथपर्यंत धाकटा जिंकला असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण न्यायाने बोलायचं तर थोरलाही स्वस्थ बसलेला नाही. २०२१ च्या अकराव्या आवृत्तीत लाइव्हमध्येही सुरागणिक रेघ आली. आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीत बारा सुरांची पट्टीच बदलायची सोय झाली. म्हणजे हवी ती श्रुतींची फाइल आत घाला, सगळे सूर त्या मापाने बसतात. भजनाला, भावगीताला, भूपासारख्या रागाला हे फार उपयोगी. माझ्या विद्यार्थिनींच्या रियाजासाठी मी स्वयंभू गंधाराची पट्टी करून ठेवली आहे. पण पट्टी कितीही शुद्ध असली तरी तीही ठोकलेलीच. दरबारीला शेवटी रेघच लागते, आणि ती आता दोन्हीकडे काढता येते. हात बिटविगमध्ये जास्त मोकळा चालतो, एवढं मी म्हणेन.

लयीच्या बाबतीत माझं झुकतं माप लाइव्हकडे आहे. लाइव्हचा वॉर्प म्हणजे पट्टी न बदलता लय ताणायची किंवा आवळायची विद्या, आणि ती त्याची पहिल्यापासूनची मिरास. तिचा मला एकदा चांगलाच प्रसाद मिळाला आहे. एका बुवांचं कीर्तन तासभर रेकॉर्ड केलं होतं. अभंग संथ सुरू झाला आणि शेवटी टाळ-मृदंगासकट धावत सुटला, जसा सुटायचा तसा. ती फाइल उघडताना वॉर्प बंद करायला मी विसरले. चूक सर्वस्वी माझी. प्रोग्रामने आपल्या अंदाजाने एक लय धरली आणि सगळं कीर्तन तिच्यात बसवायला गेला. टाळ फाटक्या पत्र्यासारखे वाजायला लागले. मी तशीच बुवांना ऐकायला पाठवली. बुवांचा फोन आला, “बाई, मी त्या दिवशी एवढा दमलेलो नव्हतो हो.”

पण तीच विद्या नीट वापरली की सोनं. प्रत्येक आवर्तनाच्या समेवर मी खूण ठोकते आणि त्या क्लिपलाच, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या त्या तुकड्यालाच, लयीची मुखत्यारी देता येते. मग यंत्राचा ठोका गाणाऱ्याच्या मागून चालतो. विलंबित तिलवाडा तालात गाणारीला ठोक्याशी बांधून घातलं की ग्वाल्हेर गायकी तिथेच संपली म्हणायची. बिटविगमध्येही आवाज ताणता येतो, त्याला कुणी नावं ठेवू नये. पण माझी बोटं लाइव्हमध्ये डोळे मिटून चालतात, तशी तिथे चालली नाहीत.

आता धाकट्याची जी गोष्ट मला मनापासून आवडली ती. आपण प्रोग्राममध्ये बाहेरची वाद्यं आणून बसवतो, त्यांना प्लगिन म्हणतात. फुकट मिळालेलं एखादं प्लगिन मध्येच आडवं होतं आणि बहुतेक प्रोग्राममध्ये आपल्याबरोबर सगळं घर खाली आणतं. लाइव्ह घेण्याच्या आधी मी दुसरंच काहीतरी वापरत होते, तेव्हा असाच एका प्लगिनमुळे एका लग्नाच्या मंगलाष्टकांचा दुपारभराचा जीव गेला होता. बिटविग प्लगिनला वेगळ्या खोलीत बसवू शकतो. ते कोसळलं तर तेवढंच गप्प होतं, बाकी गाणं चालू. कोसळलेलं पुन्हा उठवायला एक बटण. भाच्याने मुद्दाम एक खराब प्लगिन घालून दाखवलं. तबला चालूच राहिला. माझ्या खोलीत जिथे बिजली गेली की आधी सेव्ह केलंय का ते आठवतं, तिथे याची किंमत मोठी.

शिवाय बिटविग लिनक्सवर चालतो, लाइव्ह चालत नाही. ज्यांच्याकडे जुना कॉम्प्युटर पडून आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं. पैशांचा हिशेब दोघांचा निराळा. लाइव्हची मोठी आवृत्ती आली की ती वेगळी विकत घ्यायची, जुनी हवी तर तशीच वापरत राहायची. बिटविग घेतला की बारा महिन्यांत जे नवं येईल ते तुमचं. वर्ष सरलं की जिथवर आलात ती आवृत्ती कायमची राहते, पुढचं हवं असेल तर पुन्हा पैसे. दोन्ही थोडे दिवस चालवून बघता येतात, तेव्हा घाई करू नका.

आणि अडलात तर? लाइव्हवाला लवकर सापडतो. हिंदीत समजावणारे व्हिडिओसुद्धा भरपूर. बिटविगसाठी मला दरवेळी भाच्यालाच फोन लावावा लागतो, आणि तो उचलतो रात्री अकरानंतर.

तर सध्या कीर्तनं आणि मंगलाष्टकं लाइव्हमध्येच होतात. रेघांचं काम मी बिटविगमध्ये करते.

जायच्या आदल्या रात्री भाच्याने एक खोडी काढली. सारंगीचा एकच सूर दोन्ही प्रोग्राममध्ये घातला आणि माझ्या गंधाराची तीच रेघ दोन्हीकडे काढली. काकांना ऐकवलं, “काका, कुठला बरा?” काका म्हणाले, “पहिला. दुसऱ्यात जीव नाही.” सकाळी तो गाडीला गेल्यावर मी क्रम उलटा करून पुन्हा ऐकवला. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “पहिलाच. सांगितलं ना काल.”

ते दोन्ही गंधार आज सोबत आणले आहेत. पाठोपाठ लावते. ऐका.