खापरावरच्या उधाऱ्या

नमस्कार श्रोतेहो. प्राचीन इजिप्तच्या लिपीचे मोठे अभ्यासक सर अ‍ॅलन गार्डिनर यांचा एक खासगी संग्रह होता. फुटक्या मडक्यांची खापरं आणि चुनखडीच्या कपच्या. त्यांवर लव्हाळ्याच्या कुंचल्याने, काजळीच्या शाईने लिहिलेलं.

असे लेख सर्वाधिक मिळाले ते लक्झरसमोर, नाईलच्या पश्चिमेला, देर अल-मदिना या गावात. राजांच्या खोऱ्यातली थडगी कोरणारे, रंगवणारे कारागीर तिथे राहायचे. पपायरस, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेला कागद, जपून वापरायचा, खापर मात्र फुकट. म्हणून रोजचं सगळं खापरावर: कामावर कोण आलं, कोण आलं नाही, महिन्याचं धान्य किती मिळालं. गावात पाणी नव्हतं, ते गाढवांवरून यायचं. मग गाढवांच्या भाड्याचे तंटेही आलेच.

मला सर्वांत भावतो तो मेन्ना नावाच्या कारागिराचा तंटा. त्याची नोंद आज शिकागोत आहे. मेन्नाने पहारेकऱ्यांचा प्रमुख मेंतमोसे याला ताज्या चरबीचं एक भांडं उधार दिलं. बदल्यात जव मिळायचे होते. मेन्नाने तीनदा फिर्याद केली, पण हाती काही आलं नाही. तिसऱ्या रामसेस राजाचं राज्य संपलं, चौथा गादीवर आला. तब्बल 18 वर्षांनी मेंतमोसेने शपथ घेतली: मुदतीत फेडलं नाही, तर शंभर फटके खाईन आणि दुप्पट देईन. एका भांड्यासाठी इतकी वर्षं हक्क न सोडणारा हा माणूस राजांच्या शिलालेखांत कुठे सापडणार?

खासगी संग्रहांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बाजारातून घेतलेल्या खापराचा ठावठिकाणा हरवतो. ते कुठल्या घरात, कशाच्या शेजारी पडलं होतं, हे कळत नाही. हे नुकसान भरून येत नाही. ते कपाटात कुलूपबंद राहिलं, तर लिहिणाराही हरवतो. गार्डिनरनी तसं होऊ दिलं नाही. चेक अभ्यासक यारोस्लाव चेर्नी यांच्यासोबत त्यांनी 1957 मध्ये आपल्या आणि इतरांच्या संग्रहांतले लेख हुबेहूब नकला काढून छापले. फुटलेल्या एकाच लेखाचे तुकडे कधी वेगवेगळ्या शहरांत असतात. छापील नकला शेजारी ठेवल्या की ते जुळवता येतात. गार्डिनरांचा संग्रह आता ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे, आणि वाचन अजून चालू आहे.